बॅग उघडण्याचा क्रम

प्रवासाहून घरी आल्यावर कितीही दमणूक झालेली असली तरी मी बॅग त्याच रात्री रिकामी करते. सगळे सामान पलंगावर काढते आणि त्याचे तीन ढीग लावते. रोज वापरलेल्या वस्तू एका बाजूला, एखाद्याच वेळी पण खरोखर लागलेल्या वस्तू दुसऱ्या बाजूला, आणि जशा नेल्या तशाच घडी न मोडता परत आलेल्या वस्तू तिसऱ्या बाजूला. हा तिसरा ढीग मी एका वहीत उतरवून काढते. गेली बारा वर्षे ही वही चालू आहे आणि प्रवासाच्या सामानाविषयी मला जे काही कळते त्यातले बरेचसे मी तिच्याच पानांवर शिकले आहे. निघण्याच्या आदल्या रात्री मनात हौस असते, धास्ती असते, घरातल्या प्रत्येकाच्या सूचना असतात. परतल्याच्या रात्री मात्र आपण प्रत्यक्षात कसे राहिलो याचा पुरावा समोर पडलेला असतो आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही.

सुरुवातीच्या वर्षांची पाने वाचताना एक गोष्ट पटकन ध्यानात येते. तिसऱ्या ढिगातल्या जवळपास प्रत्येक वस्तूच्या मागे एकच वाक्य उभे होते: ‘असू दे, लागलं तर.’ दुसरा स्वेटर, चपलांची तिसरी जोडी, वाचून होतील या आशेने घेतलेली चार जाड पुस्तके, कोणी जेवायला बोलावलेच तर म्हणून घेतलेले ठेवणीतले कपडे. यांपैकी प्रत्येक वस्तूची बाजू मांडता आली असती, आणि म्हणूनच ती बॅगेत शिरली होती. ‘लागलं तर’ हा प्रश्न खरा आहे, पण तो अर्धाच आहे. ‘लागलं आणि नसलं, तर काय होईल?’ हा त्याचा उरलेला अर्धा भाग आपण विचारत नाही. छत्री नसली तर थोडे भिजू किंवा वाटेत एखादी विकत घेऊ. चष्मा फुटला आणि दुसरा जवळ नसला तर मात्र उरलेला सगळा प्रवास धूसर होईल. म्हणून छत्रीचा निर्णय मी निघण्यापूर्वीचा हवामानाचा अंदाज पाहून घेते आणि चष्मा कधीही एकटा नेत नाही. ज्या वस्तूवाचून अडेल आणि जी तासाभरात मिळणार नाही ती जोडीने न्यावी, जी कुठेही मिळते ती घरी ठेवावी, एवढ्या कसोटीने माझे ओझे जवळजवळ एक तृतीयांशाने उतरले.

परंतु काय न्यावे हे नीट ठरले म्हणून प्रवास सुखाचा होतोच असे नाही, हे मला एका मध्यरात्री कळले. मुक्कामी पोहोचायला दीड वाजला होता. खोलीत आम्ही दोघीजणी होतो, सोबतची मैत्रीण दार उघडताच आडवी झाली होती, आणि मला फक्त तीन गोष्टी हव्या होत्या: रात्रीचे कपडे, दात घासायचा ब्रश आणि फोनचा चार्जर. तिन्ही बॅगेत होत्या आणि तिन्ही तळाला होत्या. दिवा लावून, सगळे सामान फरशीवर पसरून त्या काढल्या. सकाळी ते पुन्हा भरायला पाऊण तास गेला आणि त्या घाईत वाचण्याचा चष्मा पलंगाखाली राहिला तो कायमचाच. पुढचे दोन दिवस मी त्या एकाच गोष्टीचा विचार करत होते, की इतक्या काळजीने भरलेल्या बॅगेत नेमक्या याच वस्तू तळाला कशा गेल्या. उत्तर सोपे निघाले. जे सर्वांत महत्त्वाचे असते ते सर्वांत आधी आठवते. आठवले की विसरू नये म्हणून आपण ते लगेच बॅगेत टाकतो. आणि आधी टाकलेले तळाला जाते. शेवटच्या घटकेला सुचलेली, विशेष गरज नसलेली वस्तू वर येऊन बसते. म्हणजे आपली बॅग आठवणीच्या क्रमाने भरली जाते आणि उघडावी लागते ती गरजेच्या क्रमाने. हे दोन क्रम एकमेकांच्या नेमके उलट असतात.

तेव्हापासून मी बॅगेला हात लावण्याआधी प्रवासाचे पहिले चोवीस तास मनात जगून पाहते. दाराला कुलूप लावले, आता हात कशाकडे जाईल? तिकिटाकडे. तपासणीच्या रांगेत ओळखपत्राकडे, लॅपटॉपकडे, द्रव पदार्थांच्या पारदर्शक पिशवीकडे. आसनावर बसल्यावर पाण्याच्या बाटलीकडे, शालीकडे, पुस्तकाकडे. उतरल्यावर मुक्कामाच्या पत्त्याकडे आणि थोड्या सुट्या पैशांकडे. खोलीत शिरल्यावर त्या तीन वस्तूंकडे, आणि सकाळी साबण, टॉवेल, स्वच्छ कपडे यांकडे. हा क्रम कागदावर लिहिला की बॅग कशी भरायची हे वेगळे ठरवावे लागत नाही. सर्वांत शेवटी लागणारे सर्वांत आधी आत जाते. सगळे सामान आधी पलंगावर मांडून घेण्याची शिस्त तेवढी पाळावी लागते, कारण आठवेल तसे टाकत गेलो की क्रम पुन्हा मोडतो.

बॅगेचा प्रकारही येथे आड येतो. पाठीवरच्या सॅकला तोंड एकच, वर. तिच्यात वर-खाली हाच खरा क्रम असतो. चाकांची बॅग पुस्तकासारखी दोन्ही पानांनी उघडते, त्यामुळे तिच्यात तळ असा नसतो, पण ती उघडायला फरशीवर तिच्या दुप्पट जागा लागते आणि रेल्वेच्या डब्यात किंवा गर्दीच्या प्रतीक्षागृहात ती मिळत नाही. म्हणून चाकांच्या बॅगेतही वाटेत लागणारी एकही वस्तू ठेवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. वाटेत लागणारे सारे काही पायाशी राहणाऱ्या छोट्या पिशवीत, आणि ज्याच्यापासून क्षणभरही दूर होता येत नाही ते अंगावर. अंगावरचे मी फार थोडे ठेवते: पासपोर्ट किंवा ओळखपत्र, एक बँक कार्ड, फोन, आणि एका दिवसाची औषधे. दुसरे बँक कार्ड पिशवीत असते. दोन्ही कार्डे एकाच पाकिटात ठेवली तर दुसरे नेण्याला काही अर्थ राहत नाही.

औषधांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्या बाबतीतली माझी चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतणारी होती. आईला घेऊन मी पहिल्यांदा परदेशी गेले तेव्हा तिच्या रक्तदाबाच्या तीन आठवड्यांच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत, नीट डबीत, कपड्यांच्या मधोमध सुरक्षित ठेवल्या होत्या. गोळी सकाळी एकदाच घ्यायची असते, वाटेत ती लागणार नाही, असा माझा हिशेब होता. क्रमाच्या दृष्टीने तो बरोबरही होता. पण आम्ही पोहोचलो आणि ती बॅग पोहोचली नाही. ती तिसऱ्या दिवशी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधाच्या दुकानात उभी राहून गोळीचे नाव सांगत होते आणि समोरचा माणूस नम्रपणे मान हलवत होता, कारण मला ठाऊक होते ते नाव कंपनीने दिलेले होते आणि त्या देशात ते कोणी ऐकलेलेच नव्हते. घरच्या डॉक्टरांच्या गावी तेव्हा मध्यरात्र होती. त्यांना उठवावे लागले, त्यांनी मूळ औषधाचे नाव आणि मात्रा लिहून पाठवली, आणि मग पुढच्या दहा मिनिटांत गोळ्या हातात आल्या. आई त्या सगळ्या वेळात खोलीत शांत बसून होती आणि मला उलट धीर देत होती. ते आजही आठवले की पोटात कालवते.

त्या दिवसापासून आमच्या घरातल्या कोणाचेही औषध मोठ्या बॅगेत जात नाही. पूर्ण मुदतीची औषधे आणि वर चार दिवसांची जास्त, मूळ वेष्टनासह, पायाशी राहणाऱ्या पिशवीत असतात. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असते आणि तीत कंपनीच्या नावाबरोबर अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन असे औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅममधली मात्रा लिहिलेली असते, कारण ते मूळ नाव जगभर ओळखले जाते. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर याखेरीज एक शारीरिक कारण आहे: विमानाच्या मालकक्षात तापमान फार खाली जाऊ शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी भरवशाचे राहत नाही. एका देशात सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशात निर्बंधित असू शकते, विशेषतः कोडीन असलेली वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे, म्हणून ज्या देशात जायचे त्याच्या दूतावासाच्या सूचना एकदा वाचाव्यात. याशिवाय मी क्षारसंजीवनीच्या चार पुड्या नेहमी नेते. एका लिटर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले प्रमाण त्या एवढ्याशा पुडीत असते. परक्या ठिकाणी रात्री पोट बिघडले की दुकान शोधायला जाण्याची ताकदच उरलेली नसते, हे ज्याने अनुभवले आहे तो या पुड्यांना जागेची सबब सांगणार नाही.

हरवलेल्या बॅगेने आणखी एक गोष्ट शिकवली. विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि त्या वेळी बॅगेचे छायाचित्र फोनमध्ये असावे. ‘काळी, मध्यम आकाराची’ एवढेच वर्णन मी करू शकले होते आणि त्या पट्ट्यावर फिरणाऱ्या निम्म्या बॅगा काळ्या, मध्यम आकाराच्या होत्या. आता माझ्या बॅगेच्या मुठीला एक जाड पिवळी फीत बांधलेली असते, आणि आत, अगदी वर, नाव व संपर्काचा कागद असतो, कारण बाहेरची चिठ्ठी फाटून पडते. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात १९९९च्या माँट्रियल करारानुसार उशिरा मिळालेल्या सामानाबद्दलचा दावा बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोडीबद्दलचा ७ दिवसांत लेखी करावा लागतो. मधल्या दिवसांत घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवायच्या असतात. आणि मोठी बॅग सोबत असली तरी कपड्यांचा एक पूर्ण जोड छोट्या पिशवीत असावा, हे आता सांगायला नको.

कपड्यांच्या बाबतीत बहुतेक जण दिवस मोजतात. दहा दिवस, म्हणून दहा जोड. मी दोन धुण्यांमधले अंतर मोजते. चार दिवसांनी एकदा धुता येत असेल तर प्रवास दहा दिवसांचा असो की चाळीस, पाच जोडांच्या पुढे कपडे लागत नाहीत. यासाठी कापडाची जात मात्र पाहावी लागते. जाड सुती कापड पाणी धरून ठेवते आणि दमट हवेत रात्रभरातही वाळत नाही. पॉलिएस्टर झटकन वाळते, पण घामाचा वास धरते. मेरिनो जातीच्या मेंढ्यांची लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश बाष्प ओले न वाटता सामावून घेते आणि दोन-तीन दिवस वापरूनही तिला वास येत नाही. ती महाग असते, पण दोन अंतर्वस्त्रे आणि मोज्यांचे दोन जोड तिचे असले तरी प्रवासाचा चेहरा बदलतो. रात्री धुतलेला कपडा सकाळी घालायचा असेल तर तो पिळल्यावर कोरड्या टॉवेलवर पसरून, टॉवेलसकट त्याची घट्ट सुरळी करून तिच्यावर गुडघा टेकवून दाबावा. टॉवेल एवढे पाणी शोषून घेतो की नंतर दोरीवर तो कपडा पाच-सहा तासांत वाळतो. ही युक्ती मला एका वयस्कर सहप्रवासिनीने दाखवली आणि तेव्हापासून बारीक दोरी आणि चार चिमटे माझ्या कायमच्या सामानात आहेत.

थंडीसाठी एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते आणि दुपारी ऊन चढले की एकेक थर उतरवता येतो. रंग असे घ्यावेत की कोणताही वरचा कपडा कोणत्याही खालच्या कपड्यावर चालेल. चार वरचे आणि तीन खालचे असे सात कपडे मग बारा जोडांचे काम करतात. घडी की सुरळी हा वाद मी फार मनावर घेत नाही. मऊ, ताणले जाणारे कपडे सुरळीत कमी चुरगळतात, इस्त्रीचे कपडे घडीतच बरे राहतात. कपड्यांसाठी चौकोनी पिशव्या वापराव्यात, पण त्या वस्तूंच्या जातीप्रमाणे न लावता दिवसांप्रमाणे लावाव्यात, म्हणजे पहिल्या दोन दिवसांचे सगळे एका पिशवीत. मोज्यांसाठी एक, सदऱ्यांसाठी एक, अशी विभागणी कपाटात शोभते. रोज एक ठिकाण बदलणाऱ्या माणसाला तिच्यामुळे रोज सगळ्या पिशव्या उघडाव्या लागतात. हवा काढून दाबायच्या पिशव्यांनी कपड्यांची जागा कमी होते, वजन तेवढेच राहते, आणि मोकळी झालेली जागा आपण आणखी सामानाने भरतो, म्हणून मी त्या फक्त रजईसारख्या फुगीर वस्तूंसाठी ठेवल्या आहेत.

सामानाचा विचार करताना मला नेहमी नेली ब्लाय आठवते. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाची ही पंचवीस वर्षांची बातमीदार १४ नोव्हेंबर १८८९ रोजी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि आगबोटी व रेल्वेगाड्या बदलत ७२ दिवसांनी, २५ जानेवारी १८९० रोजी परतली. अंगावरचा एक भक्कम निळा पोशाख, एक जाडसर कोट आणि सुमारे सोळा इंच रुंद, सात इंच उंच अशी एक हातपिशवी, एवढेच तिचे सामान होते. त्या पिशवीत दोन टोप्या, तीन जाळीदार रुमाल, सपाता, शाईची दौत, टाक, पेन्सिली, कागद, सुई-दोरा, टाचण्या, एक सैलसर झगा, पातळ जाकीट, पाण्याचा पेला, अंतर्वस्त्रे आणि हातरुमाल बसले होते. यादी नीट वाचली तर दिसते की तिने कामाच्या वस्तूंना जागा दिली आहे: दौत, टाक, कागद. ती लिहिण्यासाठी निघाली होती आणि लिहिण्याचे काहीही तिने कमी केले नव्हते. पण तिला सर्वांत जास्त छळले ते कोल्ड क्रीमच्या एका बरणीने. चेहरा फुटू नये म्हणून घेतलेली ती बरणी इतकी जागा खात असे की पिशवी बंद करताना प्रत्येक वेळी तीच आड यायची, असे तिने स्वतः नोंदवून ठेवले आहे. माझ्या वहीच्या पहिल्या दहा पानांवर अशा बरण्याच बरण्या आहेत.

घरच्या मोठ्या बाटल्या उचलून नेण्याची सवय सुटायला विमानतळावरच्या नियमाची मदत झाली. ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला, आणि त्यानंतर सोबतच्या पिशवीत १०० मिलिलिटरपर्यंतच्याच बाटल्या, त्याही एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत, असा नियम जगभर पसरला. नव्या स्कॅनरांमुळे काही विमानतळांवर तो आता सैल झाला आहे, पण परतीच्या विमानतळावर तो कायम असू शकतो, तेव्हा शंभरचीच मर्यादा धरून चालणे सोयीचे. तसेही दोन आठवड्यांना शंभर मिलिलिटर शांपू पुरून उरतो. साबणाची आणि शांपूची वडी नेली तर हा प्रश्नच उरत नाही. बाटली नेलीच तर ती काठोकाठ भरू नये आणि झाकण लावण्याआधी किंचित दाबून आतली थोडी हवा घालवावी. उडत्या विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. जमिनीवरच्या दाबात बंद केलेली हवा तिथे प्रसरण पावते आणि तेल-शांपूला बाहेर ढकलते. कपड्यांवरचे ते डाग कोणाच्या धसमुसळेपणाने क्वचितच पडलेले असतात.

विजेच्या वस्तूंबद्दल दोनच गोष्टी नीट समजून घेतल्या की पुरे. पहिली अशी की, परदेशात वापरायचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. जगात कुठे १०० व्होल्ट, कुठे १२०, कुठे २३० असा दाब असतो. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० असे छापलेले असते, म्हणून ते कुठेही चालतात. केस वाळवण्याच्या यंत्रावर बहुधा एकच आकडा असतो आणि ते भलत्या दाबावर जळते किंवा चालतच नाही. दुसरी गोष्ट पॉवर बँकेची. ती मोठ्या बॅगेत कधीही देऊ नये. लिथियम बॅटरीत बिघाड झाला तर उष्णता आपोआप वाढत जाऊन तिला आग लागते. प्रवाशांच्या कक्षात ती कर्मचाऱ्यांना विझवता येते, मालकक्षात कोणाचा हात पोहोचत नाही. सोबत नेण्याची सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवरची (हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) आहे आणि बाजारातली २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे ती चालते. बाकी एकच चार्जर, त्याला तीन-चार तोंडे, आणि एक लांब केबल असावी, कारण परक्या खोलीत विजेचे सॉकेट नेहमी पलंगापासून दूर असते.

वजनाचा अंदाज चाकांनी पार बिघडवला आहे. बर्नार्ड सॅडो यांना सुटकेसला चाके लावण्याबद्दल १९७२ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि दोन चाकांवर उभी ओढायची, वर सरकती मूठ असलेली बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये केली. त्या दोघांचे माझ्या खांद्यांवर फार उपकार आहेत. पण गुळगुळीत फरशीवर वीस किलोंची बॅग बोटाने ढकलता येते आणि आपण तिला हलकी समजू लागतो. पहिला जिना आला की खरे वजन कळते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मी भरलेली बॅग उचलून दोन मजले चढून जाते. धाप लागून मध्ये थांबावे लागले तर वर पोहोचल्यावर तिथेच, जिन्यात, बॅग उघडून काहीतरी काढून टाकते. त्या क्षणी काय काढायचे हे फार लवकर सुचते. एका बॅगेला ३२ किलोंपेक्षा अधिक वजन बहुतेक विमान कंपन्या घेत नाहीत, आणि त्यामागे सामान चढवणाऱ्या माणसांच्या कमरेची काळजी आहे. दिवसभर दुसऱ्यांची ओझी उचलणाऱ्या त्या अनोळखी हातांचा विचार मनात आला की जास्तीचा स्वेटर आपोआप बाहेर निघतो. सॅकमध्ये जड वस्तू पाठीला चिकटून, पाठीच्या मधल्या भागाच्या उंचीवर असाव्यात आणि कमरेचा पट्टा घट्ट असावा, म्हणजे भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. चाकांच्या बॅगेत जड ते चाकांकडे.

कागदपत्रांचे काम खरे तर बॅग काढण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने उरलेली असावी अशी अनेक देशांची अट असते आणि ती विमानतळावर कळून उपयोग नसतो. पहिल्या पानाच्या दोन छायाप्रती, एक बॅगेत आणि एक सोबतच्या व्यक्तीकडे, आणि मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर लिहिलेला. फोन बंद पडलेला असताना तो कागद चालकापुढे धरला की काम होते. सेफ्टी पिना, पेन, कानात घालायचे बोळे, घडीची कापडी पिशवी यांची यादी प्रत्येकाने आपापली करावी. माझ्यापुरते सांगायचे तर बॅगेचा पाचवा हिस्सा मी जाताना रिकामा ठेवते, कारण मळलेले कपडे घडीच्या कपड्यांइतके आज्ञाधारक नसतात आणि परतीच्या सकाळी नेहमी घाई असते.

घरी काय राहून जाते याचीही नोंद वहीत आहे, आणि ती पाहिल्यावर मी चकित झाले. विसरलेल्या वस्तू जवळजवळ सगळ्या अशा होत्या, ज्या शेवटच्या तासापर्यंत वापरात असतात: चष्मा, चार्जर, ब्रश, सकाळची औषधे. त्या आदल्या दिवशी भरताच येत नाहीत, म्हणून सुटतात. आता त्यांची एक वेगळी छोटी यादी दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या अगदी वर चिकटवलेली आहे. ती वाचल्याशिवाय कडी निघत नाही.

गेल्या वर्षी आई आणि मी पुन्हा एका लांबच्या प्रवासाला निघालो. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिची छोटी पिशवी भरताना तिने मला हात लावू दिला नाही. ‘तू तुझी भर, मला माझी माहीत हवी,’ एवढेच म्हणाली, आणि डोळे मिटून प्रत्येक कप्प्यात हात घालून काय कुठे आहे ते पुन्हा पुन्हा चाचपून पाहत राहिली. रात्रीच्या गाडीत डब्यातले दिवे मालवलेले होते. पहाटे कधीतरी मला जाग आली तेव्हा समोरच्या बाकावर ती उठून बसली होती. दिवा न लावता, मला हाक न मारता तिने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला, गोळी काढली, डाव्या बाजूची बाटली उघडून पाणी प्याली, दोन्ही वस्तू जिथल्या तिथे ठेवल्या आणि शाल ओढून पुन्हा आडवी झाली.